अर्धवट वचन: निर्जंतुकीकरण विभागातल्या एका ताईंचं प्रकरण

मी एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे त्या ताईंनी मजकूर वाचून होकार दिल्यावरच तो पुढे दिला. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. प्रसंगांचा क्रम आणि माझ्या चुका तेवढ्या आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

ताई चाळिशी ओलांडलेल्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात, म्हणजे सीएसएसडीत, त्यांची 16 वर्षं नोकरी झालेली. शस्त्रक्रियेत वापरलेली अवजारं तिथे येतात. ती धुवायची, तपासायची, सेट लावून बांधायची, वाफेच्या ऑटोक्लेव्हमधून काढायची आणि परत ऑपरेशन थिएटरला पाठवायची. बरं होऊन घरी जाणारा माणूस डॉक्टरांचे आभार मानतो, नर्सचे मानतो. असा एखादा विभाग असतो हेही त्याला ठाऊक नसतं.

मंडळीत मात्र सगळे त्यांना ओळखत. आजाऱ्यांच्या भेटी, बायकांची प्रार्थनासभा, दोन्हींत त्या पुढे. एके दिवशी उपासनेनंतर थांबल्या आणि म्हणाल्या, "पास्टर, मला आता देवाच्या कामात यायचंय." एका मिशनरी संस्थेच्या कार्यालयात जागा रिकामी होती. त्यांना विचारणाही झाली होती.

"देवाच्या कामात" हा शब्द आमचाच, आम्ही पाळकांनी रुजवलेला. पूर्णवेळ सेवेला कुणी निघालं की आम्ही त्याला पुढे बोलावतो आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. रात्रपाळीला निघालेल्या माणसासाठी असं कधी केलेलं मला आठवत नाही. वर्षानुवर्षं हे पाहिल्यावर, आपण रात्रभर करतो ते देवाचं काम नाही असं ताईंना वाटलं, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

अडचण

ताईंच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या आणि मला त्यातली एकच दिसली. काम निरर्थक वाटतंय, ही ती एक. रोज तेच ट्रे, त्याच कात्र्या. चूक झाली तर बोलणी, नीट झालं तर शांतता. दुसरी गोष्ट त्यांनी ओझरती सांगितली. माणसं कमी पडत होती, सलग पाळ्या लागत होत्या, आठवड्याची सुट्टी वरचेवर बुडत होती. ते मी ऐकलं आणि कामाच्या ठिकाणची नेहमीची कुरबुर म्हणून सोडून दिलं.

पहिल्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायातलं 23 वं वचन: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते मी वाचून दाखवलं आणि म्हणालो, "ताई, तुमचा ऑटोक्लेव्ह हीच तुमची वेदी." वाक्य मला फार आवडलं होतं, हे कबूल करतो.

ताईंनी ते शब्दशः मनावर घेतलं. कार्यालयातली जागा त्यांनी लांबणीवर टाकली आणि कामाला जुंपून घेतलं. जादा पाळीला नाही म्हणायचं नाही, कारण प्रभूला नाही कसं म्हणणार? मधली सुट्टी सोडायची. दुसऱ्याचं राहिलेलं आपण उरकायचं. ताई कुणालाच नाही म्हणत नाहीत, हे सुपरवायझरच्या लवकरच लक्षात आलं. चार महिन्यांनी ताई रविवारी दिसेनाशा झाल्या. घरी गेलो तेव्हा त्यांच्या हाताच्या कातडीला भेगा पडल्या होत्या आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागत होता.

वचनाचा राहिलेला भाग

त्या रात्री तोच उतारा पुन्हा काढून वाचला. 23 वं वचन सुटं उभं नाही. 22 व्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कुणाशी बोलतोय? दासांशी. ज्यांना काम निवडायची मुभा नव्हती, सोडायचीही नव्हती. त्यांना तो सांगतो की तुमचा खरा धनी वेगळा आहे आणि तुमचा मोबदला त्याच्याकडे आहे. कामाचं मोल मालकाच्या नजरेवर अवलंबून राहत नाही, हा त्यातला दिलासा. पण पौलाचं बोलणं तिथे संपत नाही. 4 थ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो धन्यांकडे वळतो: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण स्वर्गात तुम्हालाही धनी आहे. मध्ये अध्याय बदलतो, म्हणून आपण वाचताना थांबतो. अध्यायांचे आकडे तर पौलानंतर हजाराहून अधिक वर्षांनी घातले गेले. पौलाने ते एका दमात लिहिलं होतं.

मी ताईंना निम्मं वचन दिलं होतं. आणि निम्मं वचन नेहमी ज्याच्या हाती सत्ता त्याच्याच उपयोगी पडतं.

शब्बाथाचंही, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचंही, तसंच. निर्गमच्या 20 व्या अध्यायात विश्रांतीचं कारण सृष्टीची निर्मिती आहे. अनुवाद या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारण बदलतं: तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, आणि तू स्वतः मिसर देशात दास होतास हे आठव. म्हणजे सुट्टी ही दमलेल्याला मिळणारी सवलत नव्हे. ज्यांना एकही दिवस स्वतःचा नव्हता त्यांच्या सुटकेची ती खूण आहे. ताईंची बुडणारी सुट्टी मी कुरबुरीत जमा केली होती, आणि ती दहा आज्ञांपैकी एकीत बसत होती.

दुसरी भेट

या वेळी शास्त्र मिटूनच ठेवलं आणि विचारलं, "पाळी सुरू झाल्यापासून तुम्ही नेमकं काय काय करता ते सांगा."

ताई दोन तास बोलल्या. आर्टरी फोर्सेप्सच्या, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याच्या, बिजागरीत रक्त वाळलं तर ते नुसतं भिजवून निघत नाही. फोर्सेप्स पूर्ण उघडून ब्रश फिरवावा लागतो, मग भिंगाखाली धरून बघायचं. कारण मळ राहिला तर वाफ त्याच्या खाली पोहोचत नाही. जे स्वच्छ नाही ते निर्जंतुक होत नाही. 134 अंशांवर किमान 3 मिनिटं, 121 अंशांवर त्याहून बराच जास्त वेळ. गठ्ठा ओला बाहेर आला तर बाद, कारण ओल्या वेष्टनातून जंतू आत शिरतात. गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीचे पट्टे काळे झाले की नवी मुलं खूश होतात. पण त्या पट्ट्या एवढंच सांगतात की गठ्ठा वाफेत जाऊन आला. आत काय झालं ते त्यांना कळत नाही.

"आणि हे सगळं करताना," त्या म्हणाल्या, "आत कोण झोपणार आहे ते मला कधीच माहीत नसतं."

या एका वाक्यात माझ्या वेदीच्या उपमेपेक्षा जास्त होतं. मत्तयच्या 25 व्या अध्यायातली नीतिमान माणसं गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? सेवा कुणाची झाली हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग मी त्यांना संत बेनेडिक्टच्या नियमावलीतली एक ओळ सांगितली. सहाव्या शतकातल्या या नियमावलीत 31 वं प्रकरण मठाच्या कोठाराचं काम बघणाऱ्या बंधूबद्दल आहे. मठातली सगळी भांडी आणि अवजारं त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत, असं तिथे म्हटलंय. ताई हसल्या. "म्हणजे फोर्सेप्स पण?" म्हटलं, फोर्सेप्स आधी.

उत्पत्तीच्या 2 ऱ्या अध्यायावरही बोललो. मनुष्याला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. मनुष्याचं पापात पतन त्यानंतरच्या अध्यायात आहे. घाम आणि काटे तेव्हा आले, काम त्याआधीपासून होतं. मशागत आणि राखण यांसाठी मूळ हिब्रूत जी दोन क्रियापदं आहेत, तीच जोडी गणना या पुस्तकाच्या 3 ऱ्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे याजकांच्या मदतनीसांच्या, निवासमंडपातल्या (उपासनेच्या तंबूतल्या) सेवेसाठी येते. बागेतला माळी आणि मंडपातला सेवक यांच्या कामाला भाषा एकच. ही फूट आपण पाडली.

पर्याय

आम्ही तीन वाटा कागदावर लिहिल्या. राजीनामा देऊन मिशनरी संस्थेत जायचं. आहे तसंच सोसत राहायचं. किंवा नोकरीत राहायचं, पण जादा पाळ्यांना मर्यादा घालायची, सुट्टी लेखी मागायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार करायचा.

पहिली वाट मी हलकी लेखत होतो. कार्यालयातलं काम म्हणजे पळवाट, असं माझं मत झालं होतं आणि ते ताईंना जाणवतही असणार. खरं तर ती वाटही चुकीची नव्हती. 1 करिंथकरांसच्या 7 व्या अध्यायात ज्या स्थितीत पाचारण झालं तीत राहावं, हे 20 वं वचन सगळ्यांना पाठ असतं. लगेच पुढच्या वचनात पौल दासाला म्हणतो की मोकळा होता येत असेल तर ती संधी घे. निदान बहुतेक भाषांतरं तरी ते असंच वाचतात. राहणं हा नियम नव्हे.

ताईंना पटला तो लूकच्या 3 ऱ्या अध्यायातला प्रसंग. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? दोन्ही धंदे बदनाम. नोकरी सोडा, असं योहान म्हणत नाही. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका. ज्याच्या त्याच्या कामात नेमकं जिथे मन घसरतं, तिथेच तो बोट ठेवतो.

ताईंनी तिसरी वाट निवडली. "माझ्या कामात घसरायची जागा कुठली?" असं त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं: रजिस्टर.

पहाटेची सही

दोन महिन्यांनी पहाटे त्यांचा फोन आला.

दिवसाचा पहिला लोड लावण्याआधी रिकाम्या यंत्राची एक चाचणी करतात. चेंबरमधली हवा पूर्ण निघून वाफ सगळीकडे पोहोचते की नाही हे तीत कळतं. आत फक्त चाचणीचा एक गठ्ठा ठेवतात आणि त्याच्या मध्यभागी एक कागद असतो. त्याचा रंग सगळीकडे सारखा बदलला पाहिजे. त्या दिवशी कागद कडेला गडद झाला होता आणि मध्ये फिका राहिला होता. म्हणजे आत हवा अडकली होती आणि यंत्र वापरायचं नाही. दुसरं यंत्र लहान, वेळखाऊ. सकाळच्या शस्त्रक्रियांचे सेट बाकी. सुपरवायझर म्हणाले, "कडा गडद आहेत ना? काल नीट होतं. सही करा, दुपारी बघू."

इथे कुणी उघड खोटं बोलायला सांगत नव्हतं. थोडा फिका रंग थोडा गडद मानायचा, एवढंच. कामातली बहुतेक परीक्षा या मापाची असते, असं माझं मत आहे. दानीएलासारखी सिंहांच्या गुहेची पाळी क्वचित येते.

ताईंसमोर चार गोष्टी होत्या. सही करायची. सही न करता गप्प बसायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी करू द्यायची. नंतर निनावी तक्रार करायची. किंवा तोंडावर नाही म्हणून संसर्ग नियंत्रणाच्या नर्सला फोन लावायचा. मला त्यांनी विचारलं, "मी नाही म्हटलं तर शस्त्रक्रिया खोळंबतील. ती माणसं रात्रीपासून उपाशी आहेत. ते पण पापच ना?"

मी पटकन उत्तर दिलं नाही, याचं आज बरं वाटतं. निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या त्या दोन सुइणी आठवल्या, ज्यांनी देवाचं भय धरलं आणि फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, ऐकलं नाही. पण फोनवर मी तो दाखला दिला नाही. आपल्या सुपरवायझरला फारो ठरवणं सोपं असतं आणि अन्यायाचंही. तो माणूसही वरच्यांच्या दबावाखालीच होता. मी एवढंच विचारलं, "तो कागद काय सांगतो?" त्या म्हणाल्या, "हवा आहे." "मग रजिस्टरमध्ये तेच लिहाल ना?"

फोन ठेवल्यावर ताईंनी सुपरवायझरला सांगितलं की सही करणार नाही, पण चाचणी पुन्हा लावते आणि तोवर लहान यंत्रावर सगळ्यात निकडीचे सेट काढते. नर्सलाही त्यांच्या समोरच फोन केला. मागून काही केलं नाही. दुसऱ्या चाचणीतही कागद मध्ये फिकाच निघाला. दाराच्या गॅस्केटमधून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीतून, हवा शिरत होती, असं दुरुस्तीवाल्यांना आढळलं.

परिणाम

त्या दिवशी तीन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. एका रुग्णाचा मुलगा विभागापर्यंत येऊन ओरडला. ताईंनी ऐकून घेतलं. त्याचंही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी कुणाचा जीव वाचला, असं मी लिहिणार नाही. ते कळायला मार्गच नाही. जो संसर्ग झालाच नाही त्याची नोंद कुठे होणार? या कामाचं फळ नेहमी न घडलेल्या गोष्टीत असतं, म्हणूनच त्यातून समाधान काढणं इतकं अवघड जातं.

पुढचे काही महिने सुपरवायझर कामापुरतंच बोलले. विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा ती ताईंपेक्षा कमी अनुभवाच्या व्यक्तीला मिळाली. कारण कुणी सांगितलं नाही, ताईंनीही विचारलं नाही. मात्र चाचणीचा निकाल एकाच्या सहीवर न सोडता दोघांनी पाहायचा, असं रुग्णालयाने ठरवलं. सुट्टीचा लेखी अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा बसलो तेव्हा मिशनरी संस्थेतली जागा भरली गेली होती. ताईंना थोडं वाईट वाटलं. मलाही, कारण त्यांना थोपवण्यात माझा हात होता.

काम आता आनंदाचं वाटतं का, असं विचारलं तर त्या सरळ सांगतात: काही रात्री वाटतं, बऱ्याच रात्री पाय दुखतात.

पुन्हा करायचं झालं तर

वचन द्यायच्या आधी काम विचारेन. माणूस दिवसभर काय करतो हे ठाऊक नसताना त्याला त्याचा आत्मिक अर्थ सांगणं हा उद्धटपणा आहे, आणि आम्हा पाळकांच्या अंगात तो भरपूर असतो. 1520 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारांना लिहिताना चांभार, लोहार, शेतकरी हे सगळे आपापल्या कामासह सारखेच अभिषिक्त याजक आहेत, असं म्हटलं. या विचाराचा मी अभिमानाने उल्लेख करतो. पण माझ्याच मंडळीतल्या एका याजकाचं काम 16 वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट धन्यांची. आमच्या मंडळीत माणसं कामाला ठेवणारे, पाळ्या लावणारे, पगारपत्रकं मंजूर करणारे लोक आहेत. कलस्सैकरांस 3:23 वर मी अनेकदा उपदेश केला होता, 4:1 वर एकदाही नाही. याकोबाच्या पत्रातली अडवलेली मजुरी ओरडते, हे वचनही मी जपूनच वाचत आलो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या श्रमाविषयीच्या परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, असं लिहिलं. आमची मंडळी कॅथलिक नाही, तरी ताईंचं हे प्रकरण घडलं त्या वर्षी मी ते वाक्य उपदेशात घेतलं. दोन वडीलधारे नाराज झाले. एक परिपत्रकामुळे आणि दुसरे, मला वाटतं, आशयामुळे.

तिसरी गोष्ट अजून अर्धीच सुटली आहे. या प्रकरणानंतर आम्ही महिन्यातून एका रविवारी एकेकाला पुढे बोलावून आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगू लागलो. मग हात ठेवून प्रार्थना. पहिले दोन महिने छान गेले. मग बढत्यांच्या आणि पुरस्कारांच्या साक्षी सुरू झाल्या. नेमक्या त्याच रविवारी एक गृहस्थ यायचे बंद झाले. त्यांची नोकरी गेली होती. कामाच्या पावित्र्यावर इतकं बोलताना, ज्याच्याकडे काम नाही त्याला आम्ही काय ऐकवत होतो, हे कुणालाच सुचलं नव्हतं. घर सांभाळणाऱ्या बायका आणि निवृत्त माणसंही रांगेत नव्हती. आता आम्ही नोकरीबद्दल विचारत नाही. या आठवड्यात तुमचे हात कुणाच्या उपयोगी पडले, एवढंच विचारतो. ते गृहस्थ एकदा येऊन गेले. पुढे काय होतं ते बघायचं.

ताईंना मी पहिल्यापासून बोलावतो आहे. त्या अजून पुढे आलेल्या नाहीत. "पास्टर," त्या म्हणतात, "शनिवारची रात्रपाळी संपवून येते मी. तुमची ती पाच मिनिटं नेमकी माझ्या डुलकीची असतात."